उघडला तो संपवायचा

हवा दमट असली की डिंक रुसतो. त्या शनिवारी पहाटेपासून धुकं इतकं खाली उतरलं होतं, की कारखान्याच्या फाटकावरचा दिवा कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळून टांगलाय असं वाटत होतं. आत शिरणारी माणसं आधी खोकताना ऐकू यायची, मग दिसायची. लेबल खात्यात कागदाचे गठ्ठे कडेकडेने वळले होते, आणि मशीनवरून पहिला डबा गडगडत आला तो लेबलाचं टोक शेपटीसारखं हलवतच आला.

मशीनवरच्या माणसाने डबा उचलला. अंगठ्याने ते टोक दाबलं, सोडलं. टोक पुन्हा उभं राहिलं.

"झाले नखरे सुरू," तो म्हणाला, आणि त्याने डिंकाच्या भांड्याची आच एक खूण वर चढवली.

ह्या माणसाला सगळं खातं डिंक्या म्हणतं. पगाराच्या कागदावर त्याचं दुसरं काहीतरी नाव आहे. पण ते हाक मारायला कुणी वापरलं नाही, त्यामुळे कोरं करकरीत राहिलंय. पन्नाशीच्या आसपासचा काटक गडी, बोटांची टोकं कायम चकचकीत. ह्या खात्यात चिकटला तो चिकटलाच, असं बाकीचे म्हणतात आणि आत्ताच सुचल्यासारखे हसतात. डिंक्याही हसतो. नाही हसलं तर ते पुन्हा समजावून सांगतात.

थोड्या वेळाने सुपरवायझरबाई आल्या. त्यांनी शेपटीवाले डबे बघितले, धुक्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या पाटीवर 'बिघाडाचं कारण' ह्या रकान्यात लिहिलं, दमट हवा. ह्या खात्यात काहीही बिघडलं तरी कारण दमट हवाच असतं. चहाच्या यंत्रातून एकदा नुसतंच गरम पाणी आलं होतं, तेव्हाही पाटीवर तेच लिहिलं होतं.

कंपनी म्हणाल तर अवाढव्य. पण तिचं स्वतःचं नाव डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत असतं आणि ते कुणी वाचत नाही. लोक ओळखतात ते सरदारला, आपुलकीला आणि काटकसरला. सरदार म्हणजे गर्द तांबडी मखमल आणि त्यावर मिशांना पीळ भरणारा एक दांडगा गृहस्थ. आपुलकीवर हातात पळी घेतलेली, सदा हसणारी एक बाई. काटकसरवर कुणीच नाही. पांढरा कागद आणि त्यावर काळी अक्षरं, जणू कुणाच्या तरी निधनाची बातमी. दुकानात हे तिघे वेगवेगळ्या फळ्यांवर बसतात आणि एकमेकांची ओळख दाखवत नाहीत. कारखान्यात मात्र वाटाणा हंगामात एकदाच येतो, एकाच कढईतून निघतो, डब्यांत बंद होतो, आणि ते डबे बिनलेबलाचेच गोदामात रचून ठेवतात. त्यांना कारखान्यात नागडे म्हणतात. मागणी आली की ते डिंक्याच्या मशीनवर येतात आणि कपडे घालून बाहेर पडतात. एकाच ढिगातला वाटाणा सकाळी सरदार होतो, दुपारी काटकसर. आत सगळे सख्खे भाऊ. डिंक्याला ह्यात काही वावगं वाटत नाही. "माणसाचं तरी काय वेगळं आहे," तो म्हणतो, आणि डबे सोडतो.

तर हे नागडे. गोदामात काही डबे पडतात, पोचे येतात. काहींच्या बुडावरची खूण घासून जाते आणि मग आत काय आहे हे देव जाणे आणि डबा जाणे. असा माल कंपनी आपल्याच माणसांना मातीच्या मोलाने देते. फाटकाजवळ एक खिडकी आहे, तिथे ढीग असतो. बाकीचे लोक गंमत म्हणून एखादा डबा नेतात. डिंक्या लग्न झाल्यापासून पोतंभर नेत आला.

त्याच्या स्वयंपाकघरात एका भिंतीला खालपासून वरपर्यंत फळ्या आहेत आणि त्यांवर नुसते चकाकते डबे. पाहुणा नवखा असला तर त्याला वाटतं, रंगाचं दुकान आहे. त्या घरात 'आज जेवायला काय?' असं कुणी कधी विचारलं नाही. 'आज कुठला उघडायचा?' असं विचारायचे. उघडायचं काम डिंक्याचं, पण त्याआधी तो डबा कानाशी धरायचा, डोळे अर्धवट मिटायचा, दोनदा हलवायचा आणि लांबच्या गावची बातमी ऐकल्यासारखा चेहरा करून सांगायचा, "राजमा." मग उघडायचा. आत पीच असायचे. तसा माणूस खोटं बोलणारा नव्हे. पण डब्यांच्या बाबतीत तो इतका ठामपणे चुकायचा की ऐकणाऱ्याला आपल्याच डोळ्यांचा संशय यावा. त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला परगावी गेली. जाईपर्यंत ती म्हणायची, "बाबा म्हणतील ते सोडून काहीही असेल."

आणि घराला नियम एकच होता. तो डिंक्याच्या आईपासून चालत आलेला: उघडला तो संपवायचा.

त्याची बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. दिवसभर तिचं काम म्हणजे लेबलं वाचणं. कशात काय, किती, कधीपर्यंत चालेल, कुणाला चालणार नाही. बाटली हातात आली की ती पुढून मागून आणि खालून वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. अशी बाई संध्याकाळी घरी येऊन त्या चकाकत्या भिंतीसमोर उभी राहायची. पंचवीसेक वर्षं राहिली. हसली, चिडली, पैजा लावल्या, बऱ्याचशा जिंकल्या.

एका संध्याकाळी मात्र ती सर्दीने बेजार होऊन आली. घसा धरलेला, पाय सुजलेले. येताना वाटभर तिच्या डोक्यात एकच होतं, गरमागरम टोमॅटोचं सूप. तिने तसं सांगितलंही. डिंक्याने मन लावून डबे निवडले. एक कानाशी धरला.

"हा सूपच. पैज."

अननस निघाला.

"बरं, मग हा."

अननस.

तिसरा डबा त्याने फार वेळ हलवला. खिडकी बंद करून, पंखा थांबवून हलवला. "आता मात्र बोलायचं कामच नाही," तो म्हणाला आणि उघडला. तिघेही एकाच पोत्यातले निघाले.

बायकोने नियमाप्रमाणे अननस खाल्ला. थंडगार, धरलेल्या घशाने. वाटी विसळून ठेवली. सकाळी पिशवी भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी ताईकडे चाललेय. मला आयुष्यात एकदा तरी ठरवून जेवायचंय."

अशा वेळी माणसाने काय बोलावं हे सांगता येत नाही. काय बोलू नये हे मात्र डिंक्याने दाखवून दिलं. तो म्हणाला, "अगं, पण तिसऱ्याचा आवाज अगदी सुपाचाच होता."

तिने दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर त्याला धीर आला असता.

मग तो डबा-टोपी घेऊन कामावर गेला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दिवस नेहमीसारखाच गेला, निदान त्याला तरी तसं वाटलं.

ह्याला आता महिना-दीड महिना होत आला होता. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. रोज संध्याकाळी बायको फोन करायची.

"जेवलात?"

"हो."

"काय होतं?"

"मका."

"तुम्ही काय म्हणाला होतात?"

"मशरूम."

'ये आता घरी' हे शब्द डिंक्याच्या जिभेवर येऊन बसायचे. पण ये म्हटलं तर 'कशाला येऊ' ह्याचं उत्तर तयार हवं, आणि मागे नजर टाकली तर ती फळीवर जाऊन थडकायची. मग तो म्हणायचा, "इकडे धुकं आहे."

"इकडेही आहे. एकच गाव आहे," ती म्हणायची. "बरं, ठेवते."

एकटं झाल्यापासून डबा उघडण्यातली मजाही गेली. चुकायचं तरी कुणासमोर? दोन-तीनदा त्याच्या मनात आलं की दुकानात जावं आणि नीट लेबल असलेला डबा पूर्ण किमतीला विकत आणावा. पण आपणच चिकटवलेला कागद पैसे देऊन घ्यायचा, हे त्याच्या गळी उतरेना. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन तो परत यायचा.

त्या धुक्याच्या शनिवारी चहाच्या सुट्टीत साडूचा फोन आला. साडू विमा कचेरीत साहेब आहे, आणि फोनवरही खुर्चीवरून बोलल्यासारखा बोलतो.

"काय डिंकराव, चिकटलेले आहात ना जागेवर?"

"आहे."

"उद्या दुपारी जेवायला या. काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू. दोन बहिणी एकत्र आल्यापासून टीव्हीचा रिमोट माझ्या हाताला लागलेला नाही. आणि आणखी एक, मी सांगितलं म्हणून सांगू नका. तुमच्या मंडळींनी आमच्या गल्लीत खोली बघितलीय. पहिल्या तारखेपासून. घरमालकाला उद्या संध्याकाळी होय की नाही सांगायचंय."

डिंक्याच्या हातातला चहा तसाच राहिला. "खोली कशी आहे?" त्याने विचारलं.

"हवेशीर आहे," साडू म्हणाला. "स्वयंपाकघरात फळ्या नाहीत, म्हणून तिला फार आवडली."

रविवारी डिंक्याने शर्टाला इस्त्री केली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक पोचा डबा पिशवीत टाकला, जिन्यापर्यंत गेला, परत आला आणि तो फळीवर ठेवून दिला. तेवढी अक्कल शिल्लक होती.

साडूच्या स्वयंपाकघरात काचेच्या दारांचं कपाट आहे. त्यात सरदारचे डबे ओळीने, मिशा पुढे करून उभे असतात. त्या घरात दुसरा डबा येत नाही. "पैसे जातात, पण चव कळते," हे साडूचं बोलणं डिंक्याने अनेकदा ऐकलं होतं आणि दर वेळी मूग गिळून बसला होता. मेहुणीने दार उघडलं. पाठोपाठ बायको आली. तिच्या चेहऱ्यावर तजेला होता. ठरवून जेवल्याचा असणार, डिंक्याला वाटलं.

"वाळलात," ती म्हणाली.

"नाही गं."

"शर्टाचं बटण चुकवलंय."

त्याने खाली बघितलं. बटणं एक घर सोडून लागली होती. मेहुणी म्हणाली, "असू दे गं, फॅशन असेल," आणि सगळे जेवायला बसले. भाजलेली कोंबडी होती, बटाटे होते, पाव होता. सगळं ठरवलेलं. साडू मधोमध बसून दोन्ही बाजूंना न्याय दिल्यासारखा वाढत होता.

"आता मी काय म्हणतो," जेवण उरकत आल्यावर तो म्हणाला. "संसार म्हणजे काय? विश्वास. वर जे लिहिलंय ते आत निघालं पाहिजे. आमचंच बघा. इतकी वर्षं झाली, हिने मला कधी चकवलं नाही."

"तुम्ही कधी आत डोकावलातच कुठे," मेहुणी म्हणाली.

साडूने ते ऐकलं नाही. तो उठला, कपाटातून एक सरदार काढला आणि टेबलाच्या मध्यावर ठेवला. मिशांच्या खाली अननसाच्या चकत्यांचं छोटंसं चित्र होतं. मेहुणीने घोटलेल्या सायीचं भांडं आणि चार काचेच्या वाट्या आणल्या. "डिंकराव, तुम्हाला हे बघायची सवय नाही, म्हणून मुद्दाम दाखवतो," साडू म्हणाला. "वर काय लिहिलंय? अननस. आत काय असणार?"

'अननस' हा शब्द निघताच बायकोने पाण्याचा पेला उचलला होता. साडूने डबा उघडला आणि झाकण मागे वाकवलं.

आत वाटाणे होते. हिरवेगार, काठोकाठ.

"अगं बाई," मेहुणी म्हणाली.

साडूने चमचा घातला आणि ढवळलं. "खाली असेल," तो म्हणाला. खालीही वाटाणेच होते. त्याने डबा फिरवला, मिशांकडे बघितलं. मिशा जागेवर होत्या. "सरदारमध्ये?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "सरदारमध्ये वाटाणे?"

"वाटाण्याच्या अक्षता म्हणतात त्या ह्याच," मेहुणी म्हणाली. "लावा आता कपाळाला."

"चेष्टा सोड. मी सोडणार नाही त्यांना." साडूने चष्मा चढवला, लेबलावरचा तक्रारीचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मग बासरी सुरू झाली.

बासरी चालू असताना बायकोने तो डबा हळूच स्वतःकडे ओढला. वाटाणे वाटीत ओतले, आणि दुकानात बाटली बघते तसा डबा पुढून, मागून बघितला. मग उलटा केला. बुडाला शाईने लेबल लावल्याची तारीख छापलेली असते आणि तारखेपुढे एक अक्षर. लेबल कुणाच्या शिफ्टमध्ये लागलं ते त्या अक्षरावरून कळतं. ते अक्षर कुणाचं, हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं.

तिने तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग नवऱ्याकडे बघितलं.

गप्प बसलं असतं तर काय झालं असतं, हा विचार डिंक्याच्याही मनात येऊन गेला. खोटं कशाला बोला. साडूने नंबर सांगितला असता, कंपनीने शोधला असता, निदान ह्या टेबलावर तरी लाज गेली नसती. पण ती बघत होती.

"माझा आहे," तो म्हणाला.

"काय तुमचा?" साडूने विचारलं.

"डबा. माझ्या हातचा आहे."

साडूच्या रागाला आता एकदम आनंदाचे कोंब फुटले. "म्हणजे स्वतःच्या घरी बिनलेबलाचं, आणि आमच्या घरी लेबलासकट फसवणूक? धन्य आहे तुमची!"

"भावोजी, थांबा जरा," बायको म्हणाली. तिची नजर डिंक्यावरून हलली नव्हती. "मी इकडे आले त्या दिवसाचा आहे हा. काय झालं होतं?"

"काही नाही. नेहमीसारखाच दिवस होता."

"असं कसं?"

"अननस संपला होता, वाटाणा लागला होता. लेबलांचा जुना गठ्ठा काढून नवा घालायचा असतो. तो राहिला असणार. पूर्वी वाटाण्याला हिरवं होतं, अननसाला पिवळं. आता सगळीकडे हाच मिशीवाला. लक्ष नसलं की..."

"लक्ष कुठे होतं?"

बासरी थांबली. गोड आवाजाने पुन्हा सांगितलं की फोन मोलाचा आहे. पुन्हा बासरी.

"सुपाचा विचार करत होतो," डिंक्या म्हणाला.

"तिसऱ्या डब्याच्या?"

"नाही गं. तुला हवं होतं त्याच्या." तो वाटीतल्या वाटाण्यांशी बोलत होता. "एवढा घसा धरलेला आणि मी तुला अननस खाऊ घातला. काय झालं असेल घशाचं, असं आपलं वाटत होतं."

मेहुणी म्हणाली, "घसा तर तिसऱ्या दिवशीच मोकळा झाला तिचा. इथे आल्यापासून बोलतेय नुसती."

बायकोने हात लांब करून साडूचा फोन बंद केला. "अहो, पैसे मोजलेत मी!" साडू म्हणाला.

"राहू द्या हो, ती सांगतेय ना," मेहुणी म्हणाली.

मग बायकोने चारही वाट्या पुढे ओढल्या, वाटाणे सारखे वाटले, वरून साय घातली, आणि एकेक वाटी एकेकासमोर ठेवली. साडू वाटीकडे बघतच राहिला.

"हे काय?"

"उघडला तो संपवायचा," ती म्हणाली.

चौघांनी सायीतले वाटाणे खाल्ले. साडूने आधी साखर मागितली, मग मीठ, मग दोन्ही घालून बघितलं. तिसऱ्या चमच्यानंतर मान हलवत म्हणाला, "काही म्हणा, सरदारचा वाटाणा वेगळाच." बायको गेली त्याच दिवशी दुपारी त्याच ढिगाला काटकसरचा पांढरा कागद लावणाऱ्या डिंक्याने आपली वाटी खाली मान घालून संपवली.

निघताना बायको जिन्यापर्यंत आली. तिने त्याची बटणं सोडून पुन्हा नीट लावली.

"उद्या कंपनीत सांगा."

"मशीनवरून काढतील."

"काढू देत. आणखी किती घरांत गेले असतील ते डबे. एखाद्याला वाटाण्याचं वावडं असलं म्हणजे? दुकानात मी असं केलं असतं तर?"

डिंक्याने मान डोलावली. दोन पायऱ्या उतरला, परत वळला. "आणि ती खोली?"

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं आणि लगेच आत बघितलं. आत साडू भलत्याच मोठ्याने खोकायला लागला होता. "खोलीचं मी बघते. तुम्ही डब्याचं बघा."

सोमवारी धुकं होतंच. सुपरवायझरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीवर टेकून बसल्या. वाईट बाई नव्हे ती. बराच वेळ पेनाने कान खाजवून म्हणाल्या, "धुक्याचे दिवस आहेत. गठ्ठे चिकटतात एकमेकांना. डबे मागवून घेते, तुमचं नाव घ्यायची गरज नाही. दमट हवा लिहू?"

"त्या दिवशी ऊन होतं, बाई."

"कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग कारण काय लिहू?"

"राहिलं म्हणून लिहा."

"राहिलं हे काय कारण झालं?" असं म्हणत त्या उठल्या, पाटीपाशी गेल्या, आणि शेवटी त्यांनी रकान्यात लिहिलं, चूक. त्या पाटीवर तो शब्द पहिल्यांदाच आला होता. दुपारपर्यंत भरणी खात्यातले आणि गोदामातले लोकही बघून गेले.

गावातल्या दुकानांना लगेच निरोप गेले, दुपारनंतर डबे परत यायला लागले. डिंक्याचं मशीन दुसऱ्याला मिळालं. त्याचं टोपणनाव अजून ठरायचंय. डिंक्याला मागच्या शेडमध्ये बसवलं. तिथे कढत पाण्याचा हौद, हातात पत्र्याची पट्टी, आणि समोर परत आलेले मिशीवाले डबे. अनेक वर्षं लावली ती लेबलं आता सोलायची. आपला डिंक किती चिवट आहे हे त्याला तिथे कळलं आणि सांगू नये, पण जरा बरं वाटलं.

संध्याकाळी फोन आला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"मशीन गेलं. सोलायला बसवलंय."

"काय सोलायला?"

"सरदार."

ती हसली. आधी नाकातून, मग मोकळी. डबा कानाशी धरावा तसा त्याने फोन धरला होता. आत काय आहे ते ह्या खेपेला त्याने बोलून दाखवलं नाही.

"उद्या संध्याकाळी येते," ती म्हणाली. "खोलीला नाही म्हणून सांगितलं कालच. पण ऐका. भिंतीवरचे आहेत ते संपेपर्यंत नवा नागडा घरात यायचा नाही. आणि एक दिवसाआड मी ठरवणार."

"चालेल," तो म्हणाला. मग काहीतरी बोलायलाच हवं असं वाटून म्हणाला, "इकडे धुकं आहे." आणि पलीकडून ती काही म्हणायच्या आत घाईने, "तिकडेही असेल."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो दुकानात शिरला. दारातून परतला नाही. आपुलकीचा टोमॅटो सुपाचा डबा त्याने पूर्ण किमतीला घेतला. घरी आला तेव्हा ती आली होती, फळ्या पुसत होती. त्याच्या दुसऱ्या हातात मोठं खोकं होतं. ते बघून तिचे हात कमरेवर गेले.

"काय ठरलं होतं?"

"हे नागडे नव्हेत. ह्यांच्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"हलवून बघितलंत?"

"नाही. मीच सोललेत. वाटाणे आहेत. सगळे वाटाणे. सोललेला माल पुन्हा दुकानात जात नाही, तो आम्हालाच वाटला."

तिने खोक्यात डोकावून बघितलं. मग त्याच्या दुसऱ्या हातातला, कपडे घातलेला डबा घेतला. पुढून वाचला, मागून वाचला, खालून वाचला. सगळं ठीक आहे अशी खात्री झाल्यावर तो कानाशी धरला, डोळे अर्धवट मिटले आणि दोनदा हलवला.

"काय आहे?" डिंक्याने विचारलं.

"सूप."

"पैज?"

तिने उघडला. सूप होतं. दोघांनी ते गरम करून, पाव बुडवून, सगळं संपवलं. ती पैज जिंकली होती म्हणून भांडी त्याने घासली.

मग तिने पर्समधून औषधाच्या बाटल्यांवर लावतात त्या छोट्या पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि एकेकीवर 'वाटाणे' असं लिहायला बसली. तो समोर बसून डब्यांवर चिकटवत होता. बाहेर धुकं होतं. चिठ्ठ्यांची टोकं उभी राहत होती. तो अंगठ्याने दाबून धरायचा आणि पुढचा डबा घ्यायचा.

"वाकडी लागलीय ती," तिने लिहिता लिहिता मान वर न करता सांगितलं.

त्याने चिठ्ठी नखाने सोलली आणि पुन्हा लावायला घेतली.